हाजराफॉलची नाल्याकाठची वाट: धबधब्याआधीचं जंगल सोडू नका

आधीच सांगून टाकते, ज्यांना गुडघेदुखी आहे, ज्यांच्यासोबत लहान पोरं आहेत, ज्यांनी आयुष्यात कधी ट्रेक वगैरे केला नाही अशा सगळ्यांनी बिनधास्त जावं अशी ही वाट आहे. सालेकसा तालुक्यातला हाजराफॉल गोंदिया जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी पावसाळ्यात निम्मा जिल्हा तिथे जाऊन फोटो काढून येतो, पण मी हे लिहितेय ते धबधब्याबद्दल नाही, धबधब्यापर्यंत नाल्याच्या काठाकाठाने जी वाट जाते तिच्याबद्दल, कारण माझं स्पष्ट मत आहे की खरा माल त्या वाटेवर आहे आणि नव्वद टक्के लोक तो न बघता झपाझप पुढे निघून जातात. पाचपैकी साडेचार स्टार माझ्याकडून, अर्धा कुठे कापला ते खाली लिहिलंय.

आम्ही गेलो ते पोळा आटोपल्यावर. हा टाइम एकदम बरोबर आहे, कारण रोवणी झालेली असते, बांध्यांमधे धान उभा असतो, घरच्यांनाही थोडी फुरसत मिळते आणि नाल्याला पाणी भरपूर असलं तरी जुलैसारखं अंगावर येणारं नसतं. सोबत आमच्या सासूबाई, मी, माझी धाकटी जाऊ, नणंदेची दोन पोरं आणि आमची मुलगी. पुरुष मंडळी कोणी नाही, बायकापोरांची ट्रिप, आणि हेही मुद्दाम लिहितेय कारण एक काळ असा होता की या पट्ट्यात नक्षलवादाच्या भीतीने बाहेरचं कोणी सहज यायचं नाही, दरेकसा म्हटलं की लोक विचारायचे काहून जाता तिकडे. आता दिवसाढवळ्या बायका पोरं घेऊन जातात, गावातलेच पोरं-पोरी तिथे उभे असतात, आम्हाला कुठेही भीती वाटली नाही.

पोचायचं कसं ते पटकन सांगते. गोंदियाहून आमगाव, आमगावहून सालेकसा, तिथून दरेकसा. गाडी असेल तर उत्तम. नसेल तर गोंदिया-डोंगरगड लाइनवर दरेकसा स्टेशन आहे, तिथे पॅसेंजर थांबते, स्टेशनवरून फॉल पायी जाण्यासारखाच आहे, पण परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, कारण एक चुकली की दुसरी लवकर नसते. आम्ही भाड्याची गाडी केली होती आणि त्या ड्रायव्हरने जाताना एक रेट सांगून येताना वेटिंगचे पैसे वेगळे लावले, तेव्हा आधीच सगळं ठरवून घ्या, किती तास थांबणार ते पण बोलून घ्या.

आता वाट. सुरुवातीला सपाट आहे, पायाखाली माती आणि मधे मधे दगड, चढ म्हणाल तर नावाला. नाला एका बाजूने सोबत चालतो, कधी जवळ येतो, कधी झाडीआड जातो, पण आवाज सुटत नाही. सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढे, डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं, हातात काठी, तरी त्या आरामात चालल्या, थांबत थांबत. आमच्यासोबत गावातलीच एक कॉलेजात शिकणारी पोरगी आली होती वाट दाखवायला, तिने पहिल्या पाच मिनिटातच सासूबाईंचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. "आजी, इथी पाय नोको ठेवजा जी, शेवाळ आहे, तिकडच्या गोट्यावर ठेवजा." असं प्रत्येक ओल्या जागी. मी ताडोब्याला गेलेय, नागझिऱ्याला गेलेय, तिथे जिप्सीतून खाली उतरायची परवानगी नसते, आणि ती नसावीच, वाघाचं घर आहे ते. पण त्यामुळे होतं काय की विदर्भात राहून, जंगलाच्या इतक्या जवळ राहून, जंगलात पायाने चालणं आपल्या वाट्याला फार कमी येतं. इथे ते मिळतं. म्हातारं माणूसही झाडाला हात लावून बघू शकतं.

त्या पोरीने एक गोष्ट दाखवली आणि त्यानंतर आख्खी वाटच आम्ही वेगळ्या नजरेने बघितली. ती म्हणाली इथे उभ्या राहा, आता नाल्याकडे बघा, काय काय दिसते. बघितलं तर कहूची मोठी मोठी झाडं, म्हणजे अर्जुन, पांढरट गुळगुळीत बुंधे, मुळ्या थेट पाण्यात उतरलेल्या, मग जांभूळ, उंबर, करंज. मग म्हणाली आता पाठ फिरवा आणि वर चढावर बघा. वर सगळा साग, येन, धावडा, मधे बांबूची रांजी. अंतर किती, तर वीस-पंचवीस पावलं. इतक्यात जंगल बदलतं. मी इतक्या वर्षांत हे कधी बघितलंच नव्हतं, म्हणजे डोळ्यासमोर होतं पण कोणी असं उभं करून दाखवलं नव्हतं.

कारण सोपं आहे पण समजून घेतलं की मजा येते. आपल्याकडे पाऊस पडतो चार महिने, उरलेले आठ महिने कोरडे. सागासारख्या झाडाने यावर उपाय काढलाय, पाणी संपायला लागलं की पानं टाकून द्यायची, फेब्रुवारी-मार्चपासून उघडं उभं राहायचं, म्हणजे पानांतून पाणी उडायचा प्रश्नच नाही. पण नाल्याकाठच्या झाडांच्या मुळ्यांना खाली ओल सापडत राहते, वरचं पाणी आटलं तरी वाळूखाली ओल असते, म्हणून ती जास्त काळ हिरवी राहतात, भर उन्हाळ्यात आजूबाजूचं सगळं जंगल खराट्यासारखं झालेलं असताना ही एक चिंचोळी हिरवी पट्टी तेवढी दिसते. पक्षी, जनावरं, फुलपाखरं सगळी त्या पट्टीला धरून असतात. म्हणजे नाल्याची वाट ही नुसती धबधब्याकडे जायची वाट नाही, ते स्वतःच एक वेगळं जंगल आहे, आणि लोक त्यातूनच मोबाईलवर बोलत निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी जाऊ मूळची सावंतवाडीकडची. लग्न होऊन इकडे आल्यावर पहिला उन्हाळा बघून रडकुंडीला आली होती बिचारी, की एवढं सगळं वाळलेलं कसं. तिच्या माहेरी आंबोली जवळ, जिथे वर्षाला 7000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि आपल्या गोंदियाकडे साधारण 1300. तिकडचं घाटातलं जंगल बारमाही हिरवं, झाडं एकदम सगळी पानं टाकत नाहीत, जुनी पडत राहतात नवी येत राहतात, खाली एवढा अंधार की दुपारी सुद्धा संध्याकाळ वाटते, असं ती नेहमी सांगते. मी तिला मुद्दाम विचारलं, आता खरं सांग, तुमच्याकडच्यासारखं वाटतं का इथे. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "ताई, वर बघितलं तर नाही वाटत, पण इथे खाली नाल्यात उतरून बसलं ना की आमच्या व्हाळाकडे बसल्यासारखं वाटतं. फक्त जळवा नाहीत." जळवांची तिला एवढी सवय की ती दर थोड्या वेळाने पायाकडे बघत होती, पोरी, इथे नाहीत त्या, बस निवांत.

आणि खडकाचाही फरक तिनेच काढला. तिच्याकडे एक तर लाल जांभा नाहीतर सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, इथला दगड वेगळाच, कडक, करडा, कुठे कुठे लालसर झाक, धारदार कडा. या भागातल्या खडकाला भूगर्भवाले बिजली रायोलाइट म्हणतात, तोही ज्वालामुखीतून आलेलाच, पण सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि हा दोनशे कोटी वर्षांहून जुना. आमच्या मुलीला हे सांगितलं तर ती त्या दगडावर बसलेली उठून उभी राहिली, एवढ्या जुन्यावर बसायचं नाही म्हणाली. असा दगड पाणी फार जिरवत नाही, म्हणून वरून पडलेलं पाणी फटींतून आणि उतारावरून धावत नाल्यात येतं आणि पाऊस आला की नाला लवकर फुगतो. हे लक्षात ठेवा, पुढे याबद्दल लिहिलंय.

आम्ही एका डोहाजवळ किती वेळ बसलो होतो मला आठवत नाही. डोह म्हणजे काय फार मोठा नाही, चार-सहा जण गोल बसतील एवढा, गुडघाभर पाणी, तळातले गोटे दिसतात. पोरांना आधी काहीच दिसलं नाही, बोअर होतंय म्हणाली. मग त्या गाइड पोरीने सांगितलं, हलू नका, बोलू नका, नुसतं बघा. दोन मिनिटांनी एका दगडाखालून खेकडा निघाला, आधी एक नांगी, मग डोळे, मग सगळा, तपकिरी, नाण्याएवढा, तो बाजूबाजूने चालत एका सडलेल्या पानापाशी गेला, पान धरलं आणि छोट्या नांगीने त्याचे बारीक तुकडे तोडून तोंडात घालायला लागला, एकदम तब्येतीत. मग दुसरा आला. पाण्यावर ते लांब पायांचे किडे इकडून तिकडे घसरत होते, त्यांच्या पायाखाली पाणी फक्त दबतं, फुटत नाही, आणि तळाशी त्यांची सावली पडते ती किड्यासारखी दिसतच नाही, पायाच्या जागी गोल गोल काळे ठिपके दिसतात. नणंदेचा मोठा पोरगा, जो घरी मोबाईलशिवाय जेवत नाही, तो पालथा पडून हे बघत होता आणि उठायला तयार नव्हता. बाजूला कहूच्या मुळीवर हिरवं शेवाळ, त्यात बोटाएवढी नेची, त्यावर पाण्याचे थेंब, जाऊ म्हणाली हे तर एकदम आमच्याकडचंच.

पोरांसाठी अजून एक. सागाचं एकदम कोवळं पान, शेंड्याचं, हातावर चोळा, हात लालभडक होतो, कुंकू लावल्यासारखा. एकच पान तोडा, सगळ्यांनी एकेक नको. आणि मोठी पानं बघा, या दिवसात सागाच्या पानाची अक्षरशः जाळी झालेली असते, शिरा तेवढ्या शिल्लक, मधलं सगळं खाल्लेलं. ती एका छोट्या पतंगाची अळी खाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जंगलाला रोग लागला, लांबून डोंगर तपकिरी दिसतो, पण हे दरवर्षीचं आहे, झाड त्याने मरत नाही.

कोळी. हे घाबरणाऱ्यांसाठी आधीच सांगते. वाटेवर दोन झाडांच्या मधे मोठं जाळं, पिवळसर चमकणारं, आणि मधोमध तळहाताएवढी कोळीण, काळी, अंगावर पिवळ्या रेघा. माझी तर किंकाळीच निघाली. ती माणसाच्या मागे लागत नाही, जाळ्यातच बसून असते, नर तिच्यापुढे एवढासा की मी त्याला आधी पिल्लू समजले. गाइडने काठीने जाळं तोडलं नाही, आम्हाला सगळ्यांना वाकून खालून नेलं, सासूबाईंना सुद्धा. मला हे फार आवडलं. इतर ठिकाणी मी बघितलंय, पुढे चालणारा काठी फिरवत सगळी जाळी साफ करत जातो.

पक्षी मला फारसे ओळखता येत नाहीत पण खंड्या दिसला, पाण्यावर सरळ रेषेत जाणारा निळा, आणि शेपटी सारखी वरखाली हलवणारा करडा धोबी, हा हिवाळा काढायला हिमालयाकडून येतो आणि सप्टेंबरपासून आपल्याकडे नाल्यांवर दिसायला लागतो. पांढरी लांब शेपटीवाला स्वर्गीय नर्तक या भागात आहे, आम्हाला नाही दिसला. सकाळी लवकर जाल तर जास्त दिसेल, आम्ही पोचेपर्यंत दहा वाजून गेले होते.

सासूबाईंचा वेगळाच कार्यक्रम चालला होता. त्यांचं माहेर याच बाजूचं, त्यांना झाडं तोंडपाठ. त्या आणि ती गाइड पोरगी, दोघी पुढे, आणि सारखं चाललेलं, हा तरोटा, ही भुईनीम, तापावर काढा करत होतो, हा कुडा, हे वास्ते बघ, आता जून झाले, आषाढात यायला पाहिजे होतं. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, त्याची भाजी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांनी एकदा तरी खावी, उकळून पाणी फेकून मग करतात. सात्यांचाही विषय निघाला, म्हणजे अळंबी, श्रावणात वारुळाजवळ उगवतात त्या, आणि दोघींची लगेच पैज लागली की तेलात चांगल्या का नुसत्या कांद्यावर. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात आहे, त्यांना असं भरभरून बोलताना मी फार कमी बघितलंय. घरी त्या एका कोपऱ्यात टीव्हीसमोर असतात. तिथे त्या आम्हा सगळ्यांच्या मास्तरीण झाल्या होत्या. ज्यांच्या घरी असं जुनं माणूस आहे त्यांनी त्यांना नक्की न्या, गाइडपेक्षा जास्त ते सांगतील.

धबधबा छानच आहे, त्याबद्दल शंका नाही, उंच कड्यावरून पाणी येतं, तुषार लांबपर्यंत लागतात, आजूबाजूला डोंगर आणि घनदाट झाडी, पलीकडे मुंबई-हावडा लाइनवरून मालगाड्या जात असतात त्यांचा आवाज घुमतो. पण तिथे गर्दी. रविवारी तर जाऊच नका. आम्ही मधल्या वारी गेलो तरी एक ग्रुप ब्लूटूथ स्पीकर घेऊन आला होता, एवढा मोठा, आणि गाणी लावून पाण्यात उड्या. नाल्याचा आवाज, पाखरांचा आवाज, सगळा त्या स्पीकरखाली मेला. आणि दगडांच्या फटीत चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकचे ग्लास. तोच नाला, ज्याच्या डोहात आम्ही खेकडे बघत बसलो होतो. हे पाणी पुढे वाघ नदीला जातं, तिथून वैनगंगेला, वैनगंगा प्राणहिता गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, म्हणजे आपण इथे टाकलेली पुडी कुठपर्यंत जाऊ शकते विचार करा. गावातली पोरं उचलतात हो कचरा, आम्ही बघितलं, पण टाकणारे हजार आणि उचलणारे चार. अर्धा स्टार इथे गेला, आणि तो जागेचा दोष नाही, आपल्यासारख्या येणाऱ्यांचा आहे.

सुरक्षिततेचं आता नीट वाचा. धबधब्याच्या खालच्या डोहात उतरू नका, पोहता येत असेल तरी नका. वरून दिसतं त्यापेक्षा खोली जास्त असते, खालचे दगड गुळगुळीत असतात आणि पडणाऱ्या पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो. दुसरं, नाल्यात बसलेले असताना पाण्याकडे लक्ष ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं जास्त वाहून यायला लागली, आवाज बदलला, की सामान गोळा करत बसू नका, पोरांना घेऊन आधी वर काठावर या. आमच्या गाइडने बसायच्या आधीच दाखवून ठेवलं होतं की वर जायचं झालं तर कुठून जायचं. विजा कडकडत असतील तर मोठ्या झाडाखाली थांबू नका. तिसरं, या डोंगरात अस्वल आहे, बिबट आहे, तेव्हा वाट सोडून आत घुसणे, एकटं जाणे, अंधार पडेपर्यंत थांबणे हे करू नका, चार वाजले की परतीला लागा. साप पावसाळ्यात असणारच, दगड उचलून बघायची पोरांची सवय असते, तेवढी सांभाळा.

पायात काय घालायचं हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. महागडे ट्रेकिंग शूज लागत नाहीत. मागून पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल सगळ्यात चांगले, ओले झाले तरी चालतात. स्लिपर अजिबात नको, शेवाळावर सरकते आणि पायातून निघून वाहून पण जाते, एका बाईची गेलेली आम्ही बघितली. साडी नेसून चालता येतं, सासूबाई लुगड्यावरच होत्या, फक्त काठ थोडे वर खोचा. एक जास्तीचा कपड्यांचा जोड पोरांसाठी, प्यायचं पाणी घरून, नाल्याचं पिऊ नका. मोबाईलचं नेटवर्क ये-जा करतं त्यामुळे कुठे भेटायचं ते आधी ठरवून घ्या, ऑनलाइन पैशांच्या भरवशावर राहू नका, सुटे जवळ ठेवा.

खायचं म्हणाल तर बाहेर चहा, भजे, आलुबोंडा, भुट्टा मिळतो, गरम असतो, पावसात बरं वाटतं. पोटभर जेवण घरून डब्यात न्या, आम्ही भाकरी, झुणका, काटवलाची भाजी आणि कांदा नेला होता. रस्त्यात आदिवासी बाया काटवल, सात्या, वास्ते घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका, दिवसभर जंगलात फिरून ते गोळा केलेलं असतं.

गाइड घ्यावा का, तर माझं उत्तर हो. वाट चुकण्यासारखी नाही, गाइडशिवाय पण पोचाल, पण मग तुम्ही फक्त धबधबा बघून याल. आम्ही त्या पोरीला ठरल्यापेक्षा थोडे जास्तच दिले आणि ते कमीच वाटले. फक्त घेताना सांगा की आम्हाला घाई नाही, नाल्याच्या काठाने हळूहळू जायचं आहे, नाहीतर त्यांनाही सवय झालीय की लोकांना पटकन धबधबा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं.

जवळच कचारगड आहे, धनेगावकडून जावं लागतं, बरेच लोक दोन्ही एका दिवसात उरकतात. माझं ऐका, नका करू. कचारगडची वाटही जंगलातूनच आहे पण चढ जास्त, सासूबाईंसारख्यांना एका दिवसात दोन्ही झेपणार नाही. आणि ती पिकनिकची जागा नाहीच. गोंड समाजाचं ते फार मोठं श्रद्धास्थान आहे, माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. कली कंकाली देवीची मुलं तिथल्या गुहेत कोंडली होती, हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवून त्यांच्या अंगात बळ आणलं, मुलांनी दार अडवणारी शिळा ढकलली आणि त्या शिळेखाली तो स्वतः गेला, पुढे गोंडांचा गुरू पारी कुपार लिंगोने त्या मुलांना कोया पुनेमची, म्हणजे गोंड धर्माची, शिकवण दिली, अशी कथा तिथले लोक सांगतात. आमच्या गाइडने ती डोहाजवळ बसून सांगितली आणि पोरं खेकडे विसरून ऐकत होती. तिथे जायचं तर वेगळा दिवस काढा, जोडे कुठे काढायचे, आत कसं वागायचं ते गावात विचारून घ्या.

कधी जायचं, तर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. जुलैत पाण्याचा भरवसा नाही आणि वाट चिखलाची. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी कमी होतं पण डोह स्वच्छ असतात, थंडी असते, पक्षी जास्त, गर्दी कमी, ज्यांना धबधब्याचं एवढं नाही त्यांना तोही टाइम चालेल. एप्रिल-मेमधे फॉल बघायला म्हणून येऊ नका, कोरडा दगड दिसेल. सकाळी आठच्या आत पोचा, शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्ट सोडून, स्पीकर घरी ठेवा, आणि येताना एक रिकामी पिशवी आणा, आम्ही परतताना वाटेवरची पाकिटं वेचली तर पोरांनी ती काठोकाठ भरली आणि गेटजवळच्या डब्यात टाकली.

आमची जाऊ आता म्हणतेय की दिवाळीत तिचे आईवडील येतील तेव्हा त्यांना इथेच न्यायचं. गाइड पोरीचा नंबर घेऊन ठेवलाय तिने, आणि तारीखही सोमवारची धरलीय, गर्दी नको म्हणून.